पन्हा कमी पडतो तेव्हा

मंडळाच्या ग्रुपवर मार्चमध्ये एक साधा प्रश्न आला होता. वर्षअखेर थोडे पैसे शिल्लक आहेत, त्यांचं काय करायचं? कुणी म्हटलं नवा बॅनर, कुणी म्हटलं पाहुण्यांना द्यायला शाली, कुणी म्हटलं सरळ पुस्तकं घ्या. मी लिहिलं, "दोन मोठे मॉनिटर." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने विचारलं, "वाङ्मय मंडळ आहे की सायबर कॅफे?" विनोद चांगला होता, मीही हसले. पण मी गंमत करत नव्हते. आणि माझं म्हणणं ग्रुपवर दोन ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून हा लेख.

हे मी सुट्टीत घरून, बुऱ्हाणपूरहून लिहितेय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांसाठी बुऱ्हाणपूर म्हणजे भुसावळ-रावेर मागे टाकलं की खिडकीतून दिसणारी एक पाटी. इतिहासवाल्यांसाठी १६३१ साली मुमताज महल जिथे वारली ते गाव. आमच्यासाठी मावा जलेबी, केळी आणि पॉवरलूम. गाव मध्य प्रदेशात आहे, दुकानावरच्या पाट्या हिंदीत आहेत, पण आमच्या गल्लीत सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी, हिंदी, उर्दू आणि अधूनमधून अहिराणी अशा चारही भाषा ऐकू येतात, आणि चारहींच्या मागे मागाची खटखट. आमच्या घराची एक भिंत शेजारच्या चाचांच्या कारखान्याला लागून आहे. चार माग. वीज गेली की ते थांबतात आणि मग शांततेनेच जाग येते.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी माझे थोरले मामा वारले. महिन्याच्या मिस्सासाठी नगरकडचे नातेवाईक येणार होते. आमच्याकडे मिस्सा एरवी हिंदीत असते, पण आजी म्हणाली, "माझ्या लेकाची प्रार्थना मराठीत होऊ दे." फादर लगेच हो म्हणाले. मराठी लिहिणारं घरात कोण? मी. साहित्याची विद्यार्थिनी, वाङ्मय मंडळाची सभासद, टायपिंग येतं, पानं लावता येतात. मी सोळा पानांची पुस्तिका तयार केली, चौदा इंची लॅपटॉपवर, दोन रात्री बसून. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांना एक प्रतिसाद हवा होता. मी लिहिला: आमच्या सर्व चिंता, हे प्रभो, तुझ्या हाती. असा लिहिला असं मला वाटलं. छापून आलं ते: आमच्या सर्व चिता, हे प्रभो, तुझ्या हाती.

एक टिंब. आणि प्रतिसाद असल्यामुळे तो सहा प्रार्थनांनंतर सहा वेळा होता. एकदा चुकला, पाच वेळा कॉपी-पेस्ट झाला. दीडशे प्रती. मोठी माणसं सवयीने 'चिंता' म्हणाली, कारण मोठी माणसं छापलेलं वाचत नाहीत, ओळखीचं वाचतात. मुलं मात्र प्रामाणिक असतात. पुढच्या बाकावरच्या मुलांनी सहाही वेळा खणखणीत आवाजात 'चिता' म्हटलं. मामीने पहिल्या वेळी मान वर केली, दुसऱ्या वेळी खाली घातली. नंतर ती मला एवढंच म्हणाली, "असू दे गं, घाईत होतं असं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी ती पुस्तिका तीनदा वाचली होती. तीनदा. मग दिसलं का नाही?

पहिलं कारण सोपं आहे. 'चिता' हाही शब्दच आहे, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. मराठीत ही जोडी एकटी नाही. 'वंदन' आणि 'वदन', 'खंत' आणि 'खत', 'वंश' आणि 'वश', 'अंग' आणि 'अग'. टिंब गेलं तरी शब्द शाबूत राहतो, अर्थ मात्र उठून जातो. अशा चुका यंत्राला पकडता येत नाहीत असं नाही, पण माझ्याकडे होतं त्याला आल्या नाहीत. त्या डोळ्यानेच पकडाव्या लागतात.

दुसरं कारण मला नंतर कळलं, आणि त्यासाठी मी चक्क पट्टी घेऊन लॅपटॉप मोजला. चौदा इंची पडदा म्हणजे तिरका चौदा इंच. उभी उंची साडेसतरा सेंटिमीटरसुद्धा नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पिक्सेल १३६६ गुणिले ७६८. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के झूमवर एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल. म्हणजे ७६८ पिक्सेलमध्ये कागदाचे फक्त आठ इंच मावतात, आणि त्यातून वरची बटणांची पट्टी आणि खालची टास्कबार वजा करा. ए-फोर कागद जवळजवळ पावणेबारा इंच उंच असतो. उरतं अर्धं पान. पूर्ण पान बघायचं तर झूम पन्नास टक्क्यांवर आणायचं. बारा पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांवर सोळा पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसतं, पन्नासवर आठ.

इंग्रजीला त्या आठात कसंबसं राहता येतं. देवनागरीला नाही. आपलं अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटीची कमान, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, रकार आणि जोडाक्षराचं पाऊल. 'सर्वांना' या शब्दात 'वां'च्या डोक्यावर रफार आणि टिंब दाटीवाटीने उभे असतात. 'चिं'मध्ये टिंब वेलांटीच्या कमानीला चिकटूनच बसतं. आठ पिक्सेलमध्ये ही सगळी वस्ती मांडली तर टिंबाच्या वाट्याला काय येणार? एखादा करडा ठिपका, असला तर असला. मी जे वाचलं ते अक्षर नव्हतंच. अक्षराची बाह्यरेखा बघून मी माझ्या मनातलं वाक्य वाचत होते.

आणि मोठं करून वाचलं तेव्हा? तेव्हा एका वेळी आठ-दहा ओळी दिसायच्या, खाली सरकलं की वरचं गेलं. पाचव्या प्रार्थनेचा प्रतिसाद पहिल्या प्रतिसादाशेजारी कधी दिसलाच नाही.

हे सगळं मी चाचांना एकदा गच्चीवर सांगत होते. म्हणजे मामांचं नाही, नुसतं पडद्याचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पना छोटा है बेटा, तो जोड़ तो आएगाच." बुऱ्हाणपुरी हिंदीत शेवटचा 'च' मराठीचाच असतो.

पना म्हणजे आपला पन्हा. कापडाची रुंदी. ज्यांच्या घरी शिवणकाम आहे त्यांना सांगायला नको. मागाचा जेवढा पन्हा, तेवढंच रुंद कापड निघणार, तुम्ही कितीही कुशल विणकर असा. चादर हवी आणि पन्हा लहान असेल तर दोन पट्टे जोडायचे, मध्ये शिवण येणार, आणि फाटायचं झालं की बऱ्याचदा तिथेच फाटणार. चाचांनी दोन वर्षांपूर्वी एक माग बदलून मोठ्या पन्ह्याचा घेतला. तेव्हा गल्लीत कुणी त्यांना 'चैन करतोय' म्हटलं नाही. सगळ्यांना कळलं की आता ते वेगळं काम घेऊ शकतील.

मॉनिटरच्या बाबतीत मात्र घरोघरी तोच प्रश्न येतो: "लॅपटॉप आहे ना? मग हे कशाला?" माझ्या घरीही आला. पप्पांनी तो रागाने विचारला नाही. हिशेबी माणूस आहे, खरंच समजून घ्यायचं होतं. मी कॉलेजसोबत भाषांतराची कामं करते. एका संस्थेची आरोग्याची पत्रकं इंग्रजीतून मराठीत आणते, शब्दाला ऐंशी पैसे. डावीकडे इंग्रजी मूळ, उजवीकडे माझं मराठी, आणि कुठेतरी शब्दकोश. चौदा इंचात या तिघांना एकत्र बसवता येत नाही. म्हणून ऑल्ट-टॅब. इंग्रजी वाक्य वाच, डोक्यात धर, खिडकी बदल, मराठीत लिही, परत जा, कुठे होते ते शोध. चाचांच्या भाषेत ही शिवण. आणि फाटायचं तर तिथेच फाटतं. एकदा ओआरएसच्या पत्रकात "पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात" हे वाक्य माझ्याकडून अख्खं गळलं होतं. मूळ मजकुरात लागोपाठची दोन वाक्यं एकाच शब्दाने सुरू होत होती, परत येताना माझी नजर दुसऱ्यावर पडली. पाठवण्याआधी सापडलं, म्हणून आज सांगू शकते. पाकिटात किती पाणी घालायचं हे न सांगणारं पत्रक कुणाच्या हाती पडलं असतं याचा विचार मी अजूनही मधूनच करते.

पप्पांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "अर्धे पैसे तुझे, अर्धे माझे."

दुकानातला मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "दीदी, गेमिंग के लिए?" त्याने सत्तावीस इंची, वळलेल्या काचेचा, मागे रंगीत दिवे असलेला मॉनिटर दाखवला. इथे थोडं थांबते, कारण इथेच पैसे वाया जातात. पडदा मोठा असणं आणि पडद्यात जास्त मावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावतं ते पिक्सेलवर. चोवीस इंची फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८० पिक्सेल, आणि सत्तावीस इंची फुल एचडीमध्येही तेवढेच. सत्तावीसचा प्रत्येक पिक्सेल नुसता जाडा होतो, एका इंचात ऐंशीच्या आसपासच. चोवीसमध्ये ते नव्वदच्या वर जातात. देवनागरीच्या कडा जाड पिक्सेलवर दातेरी दिसतात, हे मी दुकानात आपल्याच मागच्या अंकाची पीडीएफ उघडून पाहिलं. सत्तावीस घ्यायचा तर २५६० गुणिले १४४०चा घ्यावा, आणि तो माझ्या खिशाबाहेरचा. शेवटी मी एका ऑफिसमधून निघालेला, वापरलेला चोवीस इंची घेतला. साडेचार हजार रुपये, केबल धरून. स्टँड वर-खाली होतो आणि पडदा उभा फिरतो. रंगीत दिवे नाहीत.

माझ्या १३६६ गुणिले ७६८च्या तुलनेत यात पिक्सेल जवळजवळ दुप्पट आहेत. पण मला खरं पटलं ते पट्टीने. चोवीस इंची म्हणून विकला जाणारा पडदा प्रत्यक्षात २३.८ इंची असतो, रुंदी ५२.७ सेंटिमीटर, उंची साधारण २९.६. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच आणि २१ रुंद. म्हणजे कागद उचलून पडद्यावर ठेवला तर उंचीला मिलिमीटरभराचा फरक, आणि शेजारी दुसरा कागद ठेवला तरी दहा सेंटिमीटर जागा शिल्लक, शब्दकोशापुरती. मी खरंच दोन कागद सेलोटेपने चिकटवून पाहिले. आजी म्हणाली, "नवीन वस्तूला काय चिकटवतेयस?"

आता आक्षेप. मला स्वतःलाच छळणारा आक्षेप आधी घेते: मोठ्या लोकांनी नुसत्या दौत-लेखणीवर केवढं लिहिलं, आणि आम्हाला चोवीस इंच लागतात! ऐकायला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण जरा बघा. हाताने लिहिणाऱ्यासमोर नेहमी पूर्ण पान असायचं. फुलस्केप, अख्खं, वरपासून खालपर्यंत. शेजारी दुसरं पान, हवं तर दहा पानं जमिनीवर पसरून. छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवायचा आणि गॅली प्रूफ निघायचं ते हातभर लांब कागदावर. मुद्रितशोधक ते मेजावर पसरून, एक बोट मूळ प्रतीवर आणि एक प्रुफावर ठेवून वाचायचा. दोन पानं एकत्र बघणं ही नवी चैन नाहीच. ती जुनी रीत होती, लॅपटॉपने ती आपल्याकडून काढून घेतली, आणि आपल्याला कळलंही नाही, कारण त्याबरोबर इतर हजार सोयी आल्या.

माझे आजोबा नेपानगरच्या मिलमध्ये होते. बुऱ्हाणपूरच्या पुढचंच मोठं स्टेशन. देशातला वृत्तपत्राच्या कागदाचा पहिला कारखाना, १९५६ साली पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. मधे काही वर्षं उत्पादन बंद होतं, २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं. आजोबा सांगायचे, कागदाची रीळ माणसापेक्षा रुंद असायची. त्यांच्या नातीने साडेसतरा सेंटिमीटरच्या फटीतून डोळे बारीक करून मराठी वाचावी याचं त्यांना काय वाटलं असतं कुणास ठाऊक.

दुसरी एक गोष्ट आपल्या अभ्यासातली आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, अस्सल मराठी, आणि १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. स्टीफन्सना देवनागरी आवडत नव्हती म्हणून नव्हे. छापायला देवनागरी टाइपच हाताशी नव्हता. ओवी मराठी, कपडे परके. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली ती १९५६ साली. (हो, नेपा मिलचंच वर्ष. आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेही त्याच वर्षी. आमच्या घरात १९५६वर एक वेगळा तास घेता येईल.)

तेव्हापासून पाहिलं तर मराठी सतत अवजारासाठी अंग चोरत आलीय. खिळे कमी लागावेत म्हणून 'इ', 'उ'च्या जागी 'अि', 'अु' लिहा, ही सूचना झाली, सावरकरांनी ती हिरिरीने मांडली, काही वर्षं पुस्तकंही तशी छापली गेली. टाइपरायटरवर सगळी जोडाक्षरं बसेनात तेव्हा हलन्त वापरून भागवलं. मग संगणकावर वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट आले, एकाचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. आमच्या इथल्या डीटीपीच्या दुकानांत आजही कृतिदेव चालतो. युनिकोड आलं आणि पहिल्यांदा असं झालं की अवजारात आख्खी मराठी मावते, शेवटच्या टिंबापर्यंत. आणि नेमकं तेव्हाच आपण ती इतक्या छोट्या भोकातून बघायला लागलो की टिंब दिसेना. म्हणजे पुन्हा तेच: भाषेनेच समजून घ्यावं. "अनुस्वाराचं काय एवढं, कळतं ना?" असं आपल्या संपादक मंडळात कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलंय. कळतं. मामीलाही कळलंच होतं.

मोबाइलबद्दल माझं भांडण नाही. वाचायला मोबाइल उत्तम आहे, त्याच्या काचेवर पिक्सेल एवढे दाट असतात की टिंब सुबक दिसतं. पण हॉस्टेलमधले कितीतरी जण पूर्ण प्रबंध मोबाइलवर टाइप करतात, कारण दुसरं काही नाही. त्यांचे लेख आपल्याकडे येतात तेव्हा मी पाहिलंय: परिच्छेद छोटे, प्रत्येक परिच्छेद ठीक, पण तिसऱ्या पानावर तेच उदाहरण पुन्हा. लेखक निष्काळजी नसतो. त्याला त्याचा लेख कधी एकसंध दिसलेलाच नसतो. आपण त्यावर "रचना विस्कळीत" असा शेरा मारतो. मीही मारलाय.

मोठ्या पडद्याची बाजू घेताना त्याचे तोटे लपवणं बरं नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या डावीकडच्या अर्ध्या भागात इंग्रजी मूळ कमी आणि व्हॉट्सॲप जास्त वेळ होतं. रिकामी जागा दिसली की काहीतरी येऊन बसतंच, ट्रेनमधल्यासारखं. डोळ्यांचंही तसंच. मॉनिटर मोठा म्हणून डोळे आपोआप सुखी होत नाहीत. तो हातभर लांब ठेवावा लागतो, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि अधूनमधून खिडकीबाहेर लांब कुठेतरी बघावं लागतं. आमचं टेबल दीड फूट खोल. मॉनिटर ठेवला तर तो नाकाशी आला. शेवटी टेबल भिंतीपासून पुढे ओढलं आणि मॉनिटर मागच्या फळीवर गेला. आता ती भिंत चाचांच्या मागांची, त्यामुळे माग चालू असले की पडदा अगदी बारीकसा थरथरतो. रबराचे तुकडे खाली घातलेत. काम चालतं.

आणि उपवासकाळात एवढे पैसे स्वतःसाठी खर्च केले याची बोचणी होतीच. कन्फेशनमध्ये सांगावं की नाही असाही विचार आला. सांगितलं नाही, कारण मला पश्चात्ताप होत नव्हता. खोटा पश्चात्ताप ही त्याहून मोठी भानगड. भाषांतराचं जे काम आधी तीन संध्याकाळी घ्यायचं ते आता दोन संध्याकाळी होतं, आणि गळलेली वाक्यं अजून तरी सापडलेली नाहीत. साडेचार हजार फिटायला साडेपाच हजारांपेक्षा थोडे जास्त शब्द लागले. म्हणजे दोन महिन्यांतच.

तर मंडळाच्या पैशांकडे परत येते. माझं मागणं असं आहे. वापरलेले पण चांगले चोवीस इंची दोन मॉनिटर, मंडळाच्या खोलीत. एक आडवा, एक उभा फिरवलेला. उभ्यावर ए-फोर पान पूर्ण, कागदापेक्षा मोठं दिसतं, प्रुफं वाचायला याहून चांगलं काही नाही. शेजारी एचडीएमआयची केबल, लांब घ्या, छोटी नेहमी अर्ध्या हाताने कमी पडते. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याने आणावा आणि जोडावा. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी स्टाफरूममधला जुना सीपीयू पडून आहे, तो मागता येईल, सरांना मी विचारलंय, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. वापराची वही ठेवायची, एका वेळी दीड तास, अंकाच्या आठवड्यात संपादकांना आधी. नव्या बॅनरपेक्षा खर्च फार जास्त येणार नाही, आणि बॅनरवरची तारीख दर वर्षी शिळी होते.

पुस्तकं घ्या म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पुस्तकं घ्याच. पण ग्रंथालय पुस्तकं घेतं, मॉनिटर घेत नाही.

एक उलट मागणीही आहे, आणि ती आपल्या अंकाबद्दलची आहे. आपण हा अंक ए-फोरच्या पीडीएफमध्ये, दोन रकान्यांत काढतो. सुंदर दिसतो, लावणाऱ्याच्या पडद्यावर. वाचणारे जवळजवळ सगळे तो फोनवर उघडतात. मग दोन बोटांनी मोठं करायचं, डावा रकाना खालपर्यंत, परत वर, उजवीकडे सरकवायचं, हरवायचं. माझ्या आजीने मागच्या अंकातली माझी कविता अशीच वाचायचा प्रयत्न केला आणि मध्येच कॉलेजची जाहिरात वाचून मला म्हणाली, "शेवट कळला नाही गं." म्हणजे मला जे छोट्या पडद्यावर सोसावं लागलं तेच आपण वाचकाला सोसायला लावतोय. एक रकाना, पान लहान, अक्षर मोठं. लावायचं मोठ्या पडद्यावर आणि छापण्याआधी, म्हणजे पाठवण्याआधी, एकदा स्वस्तातल्या फोनवर वाचून बघायचं. या दोन्ही गोष्टी केल्या तरच माझ्या मागणीला अर्थ आहे. नुसते मॉनिटर आणून रकाने दोनच ठेवणार असाल तर शाली घ्या.

मामांच्या वर्षाच्या मिस्साला पुस्तिका पुन्हा लागणार आहे. फाइल मी कालच उघडली. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. सहा ठिकाणी टिंब दिलं. मग आजीला बोलावून खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, तू वाच, मी नाही वाचणार, मला पाठ झालंय. तिने चष्मा न लावता, मोठ्याने, पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. नवव्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "हे 'त्याना' नाही गं, 'त्यांना'." आणखी एक सापडलं होतं. अजून सात पानं राहिलीत, आज संध्याकाळी माग बंद झाले की वाचणार आहे.

जूनमध्ये पहिल्या बैठकीला मी येतेय. वापराची वही आणि लांब केबल माझ्याकडून.